रात्री घरात शिरलेल्या माणसावर परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे घर गावाच्या वस्तीपासून दूर, शेतात आहे. गेल्या काही महिन्यांत आसपास दोन घरफोड्या झाल्या. घरात वृद्ध आई, पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक घरात आहे, तिचा परवाना वडिलांच्या नावावर होता आणि ते दीड वर्षापूर्वी वारले. रात्री कोणी घरात शिरला आणि तुम्ही त्या बंदुकीतून गोळी झाडली, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी सत्तावीस वर्षे फौजदारी न्यायालयांत बचाव पक्षाचे काम करीत आलो आहे आणि अशा प्रकरणांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या घरमालकांची बाजू मांडली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपला कायदा या बाबतीत लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ उदार आहे. मात्र ही उदारता काही क्षणांपुरतीच असते. त्या क्षणांच्या अलीकडे किंवा पलीकडे झाडलेली गोळी तुम्हाला खुनाच्या खटल्यात नेऊ शकते.

पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. क्रमांक बदलले, शब्द जवळजवळ तेच राहिले. त्यामुळे जुन्या कलमांवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्णय आजही तितकेच कामाचे आहेत. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मूळ मसुदा सादर केला, तेव्हा त्याच्या टिपणात असे म्हटले होते, की स्वसंरक्षणाच्या हक्कावर निर्बंधांची भर घालण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची धमक जागवणे अधिक इष्ट आहे. हक्काचा आवाका आपल्याकडे एवढा मोठा का आहे, याचे एक कारण तिथे सापडते.

आता मूळ तरतूद पाहू. मालमत्तेच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क कधी पोचतो, हे न्याय संहितेचे कलम ४१ सांगते. त्यात चार प्रसंग दिले आहेत. पहिला जबरी चोरीचा, दुसरा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीचा, तिसरा माणसे राहतात किंवा मालमत्ता ठेवली जाते अशा जागेला आग लावण्याचा किंवा ती स्फोटकांनी उडवण्याचा. चौथा प्रसंग साध्या चोरीचा, नासधुशीचा किंवा गृह-अतिक्रमणाचा, म्हणजे गुन्ह्याच्या हेतूने परक्याच्या घरात शिरण्याचा आहे, पण परिस्थिती अशी हवी की बचाव न केल्यास मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. शरीराच्या बचावासाठी वेगळे कलम आहे, ३८ वे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूने केलेला हल्ला, अ‍ॅसिडहल्ला असे प्रसंग त्यात येतात. हा हक्क केवळ स्वतःपुरता नाही. आईसाठी, मुलासाठी, शेजाऱ्यासाठी, इतकेच काय, अनोळखी माणसासाठीही तो वापरता येतो.

कलम ४१ मधील दुसरा प्रसंग वाचला की पुष्कळ लोक तिथेच थांबतात आणि ‘रात्री चोर घरात शिरला, की गोळी घालायला मोकळीक’ असा निष्कर्ष काढतात. या निष्कर्षात दोन चुका आहेत.

पहिली चूक घरफोडी या शब्दाच्या अर्थाची आहे. रात्री परक्याच्या घरात पाऊल ठेवणे ही आपोआप घरफोडी होत नाही. कलम ३३० मध्ये आत शिरण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या सहा पद्धती दिल्या आहेत आणि त्यांपैकी एखादी वापरली गेली असेल, तरच गृह-अतिक्रमणाची घरफोडी होते. भिंतीला भोक पाडणे, खिडकीतून चढून येणे, कुलूप उघडणे, बंद केलेली कडी काढणे, दार उघडणाऱ्याला धमकावून किंवा मारहाण करून आत घुसणे हे प्रकार त्यात येतात. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडले, किंवा फटीतून तार घालून आतली कडी वर उचलली, तरी ती घरफोडीच. मात्र उकाड्यामुळे पुढचे दार सताड उघडे ठेवून तुम्ही झोपलात आणि कोणी त्यातून आत आला, तर ते गृह-अतिक्रमण असेल, पण दुसऱ्या प्रसंगातली घरफोडी नसेल. मग जीव घेण्यापर्यंतचा हक्क मिळण्यासाठी त्या माणसाकडून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती होती, हे दाखवावे लागेल. रात्री दाराला कडी घालणे हा सुरक्षेचा साधा नियम आहे, पण कायद्यातली तुमची जागाही त्या कडीवर ठरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. कलम ४१ हे कलम ३७ ला अधीन आहे, आणि ते वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. कलम ३७ मधील दोन अटी साऱ्या हक्कावर लागू होतात. सरकारी यंत्रणेकडे संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, ही एक. बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, ही दुसरी. पहिल्या अटीचा अर्थ असा नव्हे, की चोर खोलीत उभा असताना तुम्ही मागच्या दाराने पळून पोलीस ठाणे गाठावे. स्वतःच्या घरातून पळ काढण्याची सक्ती आपला कायदा करीत नाही. पण अमुक माणसे उद्या रात्री येणार आहेत अशी पक्की खबर असताना पोलिसांना काहीच न कळवता बंदूक घेऊन अंधारात दबा धरून बसलेल्या माणसाला ही अट आडवी येते. दुसरी अट तर प्रत्येक प्रकरणात येते, आणि बंदुकीच्या संदर्भात तिचा नीट विचार करावा लागतो.

कायद्याने स्वसंरक्षणाला दोन पायऱ्या दिल्या आहेत. खालच्या पायरीवर मृत्यूखेरीज अन्य इजा करण्याची मुभा आहे: ढकलणे, काठीने मारणे, पाडणे, धरून ठेवणे. वरच्या पायरीवर जीव घेण्यापर्यंतची मुभा आहे. काठी दोन्ही पायऱ्यांवर वापरता येते, कारण ती हळू मारता येते, पायावर मारता येते, हात आवरता येतो. बंदुकीला खालची पायरी नाही. ‘मी पायावर नेम धरला होता’ हे वाक्य मी अशिलांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर मी वाद घालीत नाही, फक्त शवविच्छेदनाचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवतो. अंधारात, झोपेतून उठलेल्या आणि थरथरणाऱ्या हाताने धरलेला नेम नेम नसतो, आणि मांडीतली मुख्य रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. बारा बोअरचे छर्रे पसरतात, म्हणून ते ‘सौम्य’ असतात, हा गैरसमज तर जीवघेणा आहे. खोलीतल्या दोन-तीन मीटरच्या अंतरावर ते फारसे पसरत नाहीत, जवळजवळ एका जाड गोळीसारखे शरीरात घुसतात. म्हणून माझा अशिलांना सल्ला असतो, की जिथे जीव घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो वापरण्यावाचून गत्यंतर नाही, तिथेच बंदुकीच्या घोड्याकडे बोट जावे. बाकी सर्व प्रसंगी बंदूक हे चुकीचे हत्यार आहे, मग समोरचा कितीही मोठा गुन्हेगार असो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते तुमच्या घराच्या उदाहरणाने पाहू. कुंपणाजवळ किंवा गोठ्यापाशी रात्री एक अनोळखी माणूस दिसला. तो घरात शिरलेला नाही, त्याने तुमच्यावर काही उगारलेले नाही. तो कदाचित मोटार किंवा केबल चोरायला आला असेल. साध्या चोरीविरुद्ध तुम्हाला खालच्या पायरीचा हक्क आहे, वरच्या नाही. इथे गोळी झाडली तर बचाव जवळजवळ उरत नाही.

तोच माणूस खिडकीचे गज वाकवून आत आला, स्वयंपाकघरात आहे, त्याच्या हातात पहार आहे आणि तो मुलांच्या खोलीकडे वळतो आहे. घरफोडी झालेली आहे, अतिक्रमण चालू आहे, शरीराला धोका आहे. कलम ३८ आणि ४१ दोन्ही लागू होतात. त्याने पहिला घाव घालीपर्यंत थांबा, असे कोणतेही न्यायालय तुम्हाला सांगणार नाही, कारण हक्क सुरू होण्यासाठी हल्ला होण्याची गरज नसते, हल्ल्याची वाजवी भीती पुरते.

आता तिसरा क्षण. तुम्ही ओरडलात, दिवा लागला, तो दागिन्यांचा डबा उचलून खिडकीतून बाहेर उडी मारून पळत सुटला, आणि तुम्ही दारात येऊन त्याच्या पाठीवर गोळी झाडली. संताप समजण्यासारखा आहे, पण माझ्या मते इथे माणसे सर्वांत जास्त फसतात. मालमत्तेच्या बचावाचा हक्क किती काळ टिकतो ते कलम ४३ मध्ये आहे. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क घरातले अतिक्रमण चालू असेपर्यंतच असतो. माणूस घराबाहेर पडला की उरते ती चोरी. चोरीविरुद्धचा हक्क चोर माल घेऊन निसटेपर्यंत चालू राहतो खरा, पण तो खालच्या पायरीचा. पाठलाग करा, पाडा, डबा हिसकावून घ्या, हे सर्व चालेल, गोळी चालणार नाही. १९६३ च्या जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले आहे, की धोका नाहीसा झाला किंवा हल्लेखोर पळून गेले, की स्वसंरक्षणाचा हक्क वापरण्याचे कारणच संपते. छातीवर लागलेली गोळी आणि पाठीत लागलेली गोळी यांत वैद्यकीय अहवालाच्या एका ओळीचा फरक असतो, आणि पुष्कळ खटले त्या ओळीवर फिरतात.

इथे न्यायालयांविषयीही न्याय्य बोलले पाहिजे. ‘न्यायाधीश वातानुकूलित दालनात बसून आमच्या त्या एका सेकंदाचा हिशेब मागतात’ अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ती पूर्णपणे खरी नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. वाजवी भीती पुरेशी आहे, आणि हल्ला होत असलेल्या माणसाने आपला प्रतिकार मोजूनमापून करावा ही अपेक्षा अवास्तव आहे, असे त्यात म्हटले आहे. हा हक्क सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, हे वाक्य तर निकालपत्रांमध्ये ठरलेले झाले आहे. न्यायालय त्या रात्री तुमच्या जागी उभे राहून पाहायला तयार असते. अडचण अशी, की तुम्ही तेव्हा काय पाहिले होते, हे त्याला कुठूनतरी कळावे लागते.

म्हणून पाहणे महत्त्वाचे. ज्याच्यावर गोळी झाडायची तो कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे न बघता झाडलेली गोळी ही माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे. उशिरा परतलेला मुलगा, न सांगता आलेला भाचा, दारूच्या नशेत चुकीच्या दारात आलेला शेजारी, साध्या वेशातले पोलीस, यांच्यापैकी कोणीही त्या अंधारात असू शकते. प्रामाणिक गैरसमजाला कायदा जागा देतो. कलम ३६ मधील एका उदाहरणात रात्री कायदेशीरपणे घरात आलेल्या माणसाला घरफोड्या समजून सद्भावनेने हल्ला करणारा निर्दोष ठरतो. त्याच उदाहरणाचे पुढचे अर्धे वाक्य मात्र विसरू नये: ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही उलट प्रतिकाराचा तितकाच हक्क असतो. शिवाय सद्भावना म्हणजे केवळ मनाचा चांगुलपणा नव्हे. कायद्याच्या भाषेत तिच्यात योग्य ती सावधगिरी अभिप्रेत आहे. हाताशी टॉर्च असताना तो न लावता, ‘कोण आहे’ असे न विचारता झाडलेली गोळी सद्भावनेची आहे हे सिद्ध करणे कठीण जाते. आणि समजा न्यायालयाने निर्दोष सोडलेही, तरी स्वतःच्या पोराला गोळी घातलेल्या बापाला त्या निकालाचा काय उपयोग होतो, ते मी एकदा जवळून पाहिले आहे. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

तेव्हा रात्री चाहूल लागली तर काय करावे? घरातल्या सर्वांना एका ठरलेल्या खोलीत घ्यावे, दाराला आतून कडी घालावी, ११२ वर फोन करावा आणि फोन चालू ठेवावा. त्या फोनची नोंद होते, आणि पुढे तुम्हाला भीती वाटत होती याचा तो सर्वांत सच्चा पुरावा ठरतो. मोठ्याने ओरडून सांगावे, की पोलिसांना कळवले आहे आणि माझ्याकडे बंदूक आहे. घरभर फिरून चोर शोधू नये. कोपऱ्यात लपलेल्या माणसाला तुमची चाहूल आधी लागते, आणि बंदुकीची लांब नळी दारातून तुमच्या आधी आत शिरते, ती धरून हिसकावणे कठीण नसते. बंद खोलीत दाराकडे तोंड करून थांबलेल्या माणसाची बाजू युद्धशास्त्राने आणि कायद्याने सारखीच भक्कम असते. दार फोडून जो आत येतो, त्याच्या हेतूविषयी न्यायालयाला फारशी शंका उरत नाही.

खोली निवडताना भिंतींचा विचार करावा. विटांच्या जाड भिंतीत छर्रे अडतात, पण पत्रा, प्लायवूड किंवा पातळ दार ते सहज भेदतात, आणि पलीकडे आई झोपलेली असू शकते. इशारा म्हणून हवेत गोळी झाडण्याचा सल्ला मी देत नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, दुनळीतली दोनपैकी एक काडतूस वाया जाते, आणि ‘इशाऱ्याला वेळ होता म्हणजे तातडीचा धोका नव्हता’ असा युक्तिवाद सरकारी वकील हमखास करतात. एरवी बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. घरात मुले असताना भरलेली बंदूक दाराआड टेकवून ठेवण्याचा धोका घरफोडीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे आणि तो रोजचा आहे.

गोळी झाडावीच लागली, तर पुढचे काही तास खटल्याचा पाया घालतात. पहिला फोन ११२ वर करून रुग्णवाहिकाही मागावी. जखमी माणूस जिवंत असेल तर त्याचा रक्तस्राव थांबवण्याचा प्रयत्न करावा, मात्र त्याचे हत्यार आवाक्याबाहेर आहे याची खात्री करूनच. प्रेत, पहार, रिकाम्या पुंगळ्या, तुटलेले गज यांना हात लावू नये. घाबरलेले नातेवाईक पुरावा ‘पक्का’ करण्यासाठी मृताच्या हातात कोयता ठेवतात, आणि त्यावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याने खरे असलेले प्रकरणही खोटे दिसू लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७६ मध्ये आता आहे. जखमेभोवतीचा काळेपणा, बंदुकीच्या दारूच्या कणांनी कातडीवर उठलेले ठिपके आणि छर्‍यांचा पसारा यांवरून अंतर काढता येते. गुळगुळीत नळीतून गेलेल्या छर्‍यांवर नळीच्या खुणा उमटत नाहीत, पण पुंगळीच्या बुडाशी घोड्याच्या सुईची खूण उमटते आणि तिच्यावरून बंदूक ओळखता येते. खरे असेल तर हे सारे विज्ञान तुमच्या बाजूचे आहे, म्हणून त्याला ढवळू नये.

पोलिसांना थोडक्यात आणि खरे सांगावे: तो घरात कसा शिरला, त्याच्या हातात काय होते, तो कोणाकडे येत होता, मी का गोळी झाडली. सविस्तर जबाब वकिलांशी बोलून द्यावा. हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पण बदलत गेलेली कहाणी सर्वत्र दिसते. माझ्या एका अशिलाने घाबरून पहिल्या दिवशी सांगितले, की बंदूक साफ करताना चुकून उडाली. तीन महिन्यांनी तो मला भेटला तेव्हा सत्य बाहेर आले: मध्यरात्री खिडकीतून आलेल्या माणसाने त्याच्या पत्नीच्या गळ्यावर सुरा धरला होता. स्वसंरक्षणाचे याहून स्वच्छ प्रकरण मी पाहिले नव्हते, आणि त्या एका खोट्या वाक्यामुळे ते उभे करायला चार वर्षे लागली. अपघात आणि स्वसंरक्षण हे दोन बचाव एकमेकांना छेद देतात. एकात तुम्ही गोळी झाडलीच नाही असे म्हणता, दुसऱ्यात ती समजून-उमजून झाडली असे.

अटक होऊ शकते, याची मनाची तयारी असावी. मृत्यू झाला असेल तर गुन्हा नोंदवून तपास होणे क्रमप्राप्त असते, आणि स्वसंरक्षण होते की नव्हते याचा निर्णय बहुधा न्यायालयातच होतो. बचाव सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर आहे, पण तो हलका आहे. सरकार पक्षाप्रमाणे संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही, तुमची हकिकत अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. १९६८ च्या मुन्शीराम विरुद्ध दिल्ली प्रशासन या निर्णयानुसार आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला, तरी सरकारी साक्षीदारांच्या पुराव्यातूनच तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते. हक्क होता, पण सद्भावनेने आणि पूर्वतयारीशिवाय तो ओलांडला गेला, असे ठरले तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादामुळे खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. ही सवलत मोठी आहे, तरी कलम १०५ खाली तुरुंगवास जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात असू द्यावे.

तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी सांगतो, कारण शेतातल्या घरांत त्या नेहमी घडतात. चोर जिवंत हाती लागला तर त्याला धरून ठेवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीलाही आहे, मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. बांधून ठेवलेल्या माणसाला मारहाण करणे हे स्वसंरक्षण कधीच नसते. दुसरी गोष्ट, कुंपणात किंवा खिडकीत वीजप्रवाह सोडणे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात शौचालयाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावणाऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तिथे मरण पावलेली व्यक्ती अतिक्रमण करणारी होती, तरी त्याने फरक पडला नाही. तारेला भीती वाटत नाही, ती चोर आणि वाट चुकलेले मूल यांत भेद करू शकत नाही, आणि आवश्यक तेवढीच इजा करणे तिच्या हातात नसते. दाराला दोरी बांधून आपोआप उडेल अशी ठेवलेली बंदूक याच न्यायाने मोजली जाईल.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येतो, जे तुम्ही ओझरते लिहिले आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता. शस्त्राचा परवाना व्यक्तीला मिळतो, घराण्याला नाही. बंदूक वारशाने येऊ शकते, परवाना येत नाही. याचा अर्थ गेले दीड वर्ष ती बंदूक तुमच्या घरात बेकायदा आहे, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. अशा बंदुकीने खऱ्याखुऱ्या स्वसंरक्षणात गोळी झाडली, तर मृत्यूच्या आरोपातून तुम्ही सुटू शकाल, कारण स्वसंरक्षणाचा हक्क परवान्यावर अवलंबून नाही, पण शस्त्र अधिनियमाचा वेगळा गुन्हा तसाच उरेल.

तेव्हा सर्वांत आधी बंदूक आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि तारखेची पावती घ्या. जाण्यापूर्वी वकिलाकडून एक अर्ज लिहून घ्या आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुना परवाना व विलंबाचे कारण त्याला जोडा. मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवाना मागा. वीस इंच किंवा त्याहून लांब नळीच्या गुळगुळीत बंदुकीसाठी, संरक्षण हे कारण असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ चा कल अर्जदाराच्या बाजूने आहे, आणि तुमची दुनळी बहुधा त्यात बसेल. पोलिसांचा चौकशी अहवाल जाईल, तुमच्यावर कुठला गुन्हा आहे का ते पाहतील, बंदूक कुठे आणि कशी ठेवणार ते विचारतील, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला मागतील. काही महिने जातील. तेवढ्या काळासाठी खिडक्यांना जाड गज, दाराला आतून आडणा, आवारात चाहुलीने लागणारा दिवा आणि एक चांगला भुंकणारा कुत्रा एवढी व्यवस्था करा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत या चारांपैकी एकही गोष्ट त्या घरात नव्हती.